दंतवैद्याच्या दुसऱ्या खुर्चीची हकीकत

सर्व लहानथोर, शहाणे आणि शेअरवाले यांस कळावे की, औषधांच्या दुकानाशेजारी दोन खोल्यांच्या मुलखावर एक दंतवैद्य राज्य करीत होते. त्यांनी दुसरी खुर्ची कैसी मिळविली आणि मिळविण्याआधी कैसी जवळजवळ गमाविली, ते वर्तमान ऐकिले तैसे, पदरचे मीठ थोडेच घालून, लिहिले असे.

डॉक्टर हातचे बहुत कसबी. दाढ काढिली तरी रोग्यास खबर नसे. परंतु कानाचे हलके. त्या काळी भाकीतबहाद्दर ऐसा लोकांनी किताब दिलेला एक थोर पुरुष दर रविवारी पडद्यावर प्रगट होई आणि उद्या कोणते यंत्र येणार, कोणता धंदा बुडणार, याची फर्माने काढी. त्यांनी उडती टॅक्सी म्हटले की हजारो लोक उडत्या टॅक्सीचे शेअर घेत, आणि डॉक्टर त्या फौजेत बिनीस असत. टॅक्सी उडाली नाही, पैसे उडाले. मग बोलत्या फ्रीजची मोहीम जाहली. तेथेही शिकस्त खाल्ली. फ्रीज बोलला नाही, बाईसाहेब बोलल्या.

आता खजिन्यात एकच ठाणे शाबूत होते. बाईसाहेबांस त्यांच्या वडिलांनी दिलेले पंख्याच्या कंपनीचे शेअर. ते विकून दवाखान्यात दुसरी खुर्ची बसवावी आणि दंतवैद्यकीची शेवटची परीक्षा दिलेल्या कन्येने तेथे काम करावे, ऐसी मसलत उभयतांनी केली होती. इतक्यात रविवारी फर्मान सुटले की, तीन वर्षांत दात यंत्रे कोरतील आणि दंतवैद्य माशा मारतील, सबब शहाण्याने दंतयंत्राच्या कंपनीचे शेअर घ्यावे.

हे ऐकून डॉक्टरांचे धाबे दणाणले. ताटावर कन्या समोर बसली, तिच्याकडे पाहवेना. आपणच हौसेने ही विद्या शिकविली आणि पोरीस बुडत्या गलबतात बसविले, ऐसे मनात आले. मग खुर्चीचा बेत मोडून त्याच पैशात यंत्राचे शेअर घ्यावे, ते वाढतील आणि पोर बसून खाईल, ऐसी तजवीज योजिली. परंतु शेअर बाईसाहेबांच्या नावे आणि विक्रीचा गुप्तांक त्यांच्याच मोबाइलवर येई, म्हणोन किल्ल्याची चावी त्यांजपाशी.

बाईसाहेबांनी इतकेच विचारिले, "लेकीला विचारलंत?"

डॉक्टर हात धुवावयास उठले.

दुसरे दिवशी दवाखाना उघडतो न उघडतो तोच गालास रुमाल लावून एक स्वारी दाखल जाहली. पाहतात तो खासे भाकीतबहाद्दर. पडद्यावर भव्य दिसत. येथे अर्धा चेहरा पावासारखा फुगलेला. डॉक्टरांनी मुजराच घालायचा बाकी ठेविला. खुर्चीत आडवे केले, हिरडी बधिर केली, कापसाचे बोळे ठासले, आणि दाढ कोरता कोरता मनातील गोष्ट काढिली.

"साहेब, पंखे विकू का?"

"आँ," ऐसा उद्गार निघाला.

"सगळे?"

"आँ आँ."

"आजच?"

भाकीतबहाद्दरांनी खुर्चीच्या हातावर जोराने थाप मारिली. डॉक्टर हर्षभरित होऊन बाहेरच्या खोलीत बसलेल्या बाईसाहेबांस ओरडून म्हणाले, "अगं, मोबाइल घेऊन ये. साहेब स्वतः सांगतायत, आजच विका."

बाईसाहेब दारात येऊन उभ्या राहिल्या. "आधी त्यांच्या तोंडातले बोळे काढा, मग विचारा."

बोळे काढिले. बहाद्दर जड जिभेने म्हणाले, "हळू... हळू म्हणत होतो. जीव जातोय माझा."

"पण हे काम आता यंत्र करणार ना?" बाईसाहेबांनी विचारिले. "तुम्ही त्याच्याकडेच का नाही गेलात?"

"काल गेलो होतो," ते छताकडे पाहत म्हणाले. "कंपनीवाले म्हणाले, बसा, पहिले पेशंट तुम्हीच. मग मी निघून आलो."

"आणि तीन वर्षं?" डॉक्टरांनी क्षीण आवाजात पुसले.

"तीन म्हटलं की लोक ऐकतात, डॉक्टर. तीस म्हटलं तर चॅनेल बदलतात."

त्या समयी डॉक्टरांचे मनात काय काय आले ते लिहिता कागद पुरणार नाही. शत्रू आडवा पडलेला, जबडा उघडा, ड्रिल हाती. परंतु वैद्याचा हात रागास विकला नव्हता. आणखी औषध टोचून दुखणे थांबविले, कीड साफ केली, आणि जी दाढ दुसऱ्याने उपटून टाकिली असती ती वाचविली.

आणि मग खरी लढाई जाहली. सुजल्या गालाने भाकीतबहाद्दर त्याच सायंकाळी पडद्यावर आले आणि मनुष्याच्या हातास तोड नाही, पुढील काळ दंतवैद्यांचा, सबब दातांच्या खुर्च्या करणाऱ्या कंपनीचे शेअर घ्यावे, ऐसे फर्मान काढिले. सकाळी बाजार त्या कंपनीवर तुटून पडला. शेजारच्या औषधवाल्याने घेतले, वरच्या मजल्यावरील वकिलाने घेतले. ही बातमी तर आपल्याच दवाखान्यात जन्मली, आपणच मागे राहिलो, म्हणोन डॉक्टरांचा अंगठा शिवशिवू लागला. त्यांनी कन्येस बोलाविले, ते खरे तर आईकडे रदबदली करावी म्हणोन.

कन्या म्हणाली, "बाबा, त्या कंपनीची खुर्ची मी बघून आले. पाठ खाली घेताना गचका बसतो. पेशंट दचकतो. दुसरी घेऊ."

डॉक्टरांनी रदबदलीची गोष्ट सोडिली. मग जे आधीच विचारावयाचे ते विचारिले. "तुला नक्की हेच करायचंय ना? पुढे काय होईल ते मला खरंच सांगता येत नाही."

"मलाही नाही. पण तोवर लोकांचे दात दुखतीलच की."

डॉक्टरांनी आपला मोबाइल मुकाट्याने बाईसाहेबांच्या हवाली केला. सांप्रतच्या शेअरवाल्यांत ऐसा पराक्रम दुसऱ्या कोणी केल्याचे ऐकिवात नाही. पंखे विकले गेले, आणि खुर्चीचे शेअर न घेता खुर्चीच आली.

तीवर प्रथम आडवे होण्याचा मान खासे डॉक्टरांनी घेतला. कन्येने आरसा लावून दोन किडक्या दाढा शोधून काढिल्या. त्या त्यांच्याच तोंडात असून त्यांस ठाऊक नव्हत्या. येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन मुलूख दुप्पट जाहला, सबब विजय दप्तरी दाखल केला असे.