एका प्रबंधातील आक्षेपार्ह साम्य

विद्यापीठाच्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक समितीचा मी सदस्य-सचिव आहे. चोरी ती चोरीच, मग ती सोन्याची असो वा सुविचाराची, अशी आमची ठाम भूमिका असून त्यासाठी एक यंत्र बसवण्यात आलं आहे. प्रबंध आत घातला की तो कुठून कुठून उचलला आहे, हे यंत्र बिनदिक्कत सांगतं. त्याला भीडभाड नाही. त्यामुळेच आमच्यापैकी कोणी आपला स्वतःचा प्रबंध त्यात अद्याप घातलेला नाही.

मध्यंतरी एका तात्पुरत्या प्राध्यापिकेचा प्रबंध आला. विषय : अठराव्या शतकातील इंग्रजी कादंबऱ्यांमधील स्त्रीशिक्षण. पदवी मिळाली तर बाई नोकरीत कायम होणार, नाहीतर सत्र संपताच घरी. असल्या निरुपद्रवी विषयात काय सापडणार, म्हणून मी निवांत चहा मागवला. चहा यायच्या आत यंत्राचा पडदा लाल झाला. प्रबंध जवळजवळ संपूर्ण उचललेला होता.

बाईंना बोलावणं गेलं. अध्यक्षांनी चष्मा चढवला.

"'मुलीला इतकंच शिकवावं की ती पाहुण्यांपुढे शोभेल, इतकं नाही की ती पाहुण्यांची चूक काढेल.' हे कुठून ढापलंत?"

"एका कादंबरीतली आत्या म्हणते, सर. अडीचशे वर्षांपूर्वीची. अवतरणचिन्हं दिलीत मी."

"यंत्र म्हणतं, आपल्या कुलगुरूंच्या भाषणातून. आणि हे? 'दिवे लागल्यावर ग्रंथालयात दिसणारी मुलगी वाचायलाच आली असेल, याची खात्री काय?'"

"तो एक धर्मोपदेशक आहे, सर."

"धर्मोपदेशक? आमच्या मुलींच्या वसतिगृहाचा नियम आहे तो! शब्दन् शब्द!"

'बायको शिकलेली असावी, पण तसं दिसता कामा नये' हे कादंबरीतल्या एका सरदारपुत्राचं मत होतं. यंत्राच्या मते ते शहरातल्या निम्म्या लग्नाळू मुलांच्या जाहिरातींतल्या अपेक्षांमधून घेतलं होतं. पुढचं वाक्य अध्यक्षांनी मनातल्या मनात वाचलं आणि ते उभेच राहिले.

"हे तर मी परवा जेवताना मुलीला बोललो! यंत्रालासुद्धा सापडलेलं नाही!"

"कादंबरीत ते एक उमराव बोलतो, सर."

"पण त्याला कळलं कसं?"

बाईंनी पदर सावरला. "सर, कादंबऱ्या आधीच्या आहेत. मग नक्कल कुणी केली?"

प्रश्न तांत्रिकदृष्ट्या बिनतोड होता. त्यामुळेच तो गैरसोयीचा होता. नियमाप्रमाणे कुलगुरू, वसतिगृह, निम्मं शहर आणि खुद्द अध्यक्ष यांच्यावर कारवाई करावी लागली असती. इतक्या आरोपींची आमच्या नियमावलीत तरतूद नाही. आरोपी एकच असला, आणि त्यातून तात्पुरता असला, की न्याय कसा झटपट होतो. सबब, साम्य असलेला सर्व मजकूर वगळावा असं ठरलं.

वगळल्यावर ऋणनिर्देशाचं पान उरलं. तेही नियमानुसार यंत्रात घातलं. पुन्हा लाल! 'घरच्यांनी मला शिकू दिलं, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.' हे वाक्य ग्रंथालयातल्या बायकांच्या झाडून सगळ्या प्रबंधांत होतं. पुरुषांच्या एकातही नाही. पुरुषांनी चहाबद्दल पत्नीचे आभार मानले होते.

अध्यक्ष विरघळले. "असू द्या. ही काही चोरी नव्हे, हे संस्कार आहेत. एवढ्यावरसुद्धा पदवी देऊन टाकू आपण."

"नको सर, तेवढं मीच काढते," बाई म्हणाल्या. "माझ्या भावाच्या प्रबंधात ते नाही. त्याला कुणी शिकू दिलं नव्हतं. तो नुसता शिकला."

"बाई!" अध्यक्षांनी चष्मा काढला. "अहो, अठराव्या शतकातल्या बायकासुद्धा इतक्या कृतघ्न नव्हत्या!"

प्रबंध एकमतानं फेटाळण्यात आला. बाईंची जागा रिकामी झाली असून कृतज्ञ उमेदवारांचे अर्ज मागवले आहेत.

आता आमच्या नावानं बोटं मोडत तुम्ही म्हणाल, आमच्याकडे नाही बुवा असलं काही, आम्ही तर सुनेलासुद्धा लग्नानंतर शिकू दिलं. म्हणा, पण जरा हळू. यंत्र चालू आहे.