तोफवाल्याचे कागद आणि बारा मार्चचा कोंबडा

मी चौथी नापास आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागाहून कोणीतरी सांगतंच! पण वाण्याच्या पुड्या वाचून वाचून मी मराठी शिकलो, तेलाच्या डब्यांवरून इंग्रजी शिकलो, आणि आज अख्ख्या मसुरे गावात माझ्यापुढे तोंड मिटून बसेल असा कागद नाही! तलाठी मला बघून दप्तर गुंडाळतो. संपादक माझ्या कथा परत पाठवतात, तीही निव्वळ भीती!

म्हणूनच दाजी माझ्याकडे आला.

दाजी म्हणजे आमच्या वाडीतला जुना शिपाई. मराठा पलटणीतून इटलीत लढलेला. तिथे चव्वेचाळीसच्या जूनमध्ये एका ओढ्यात त्याला जर्मन तोफखान्याचा गडी पडलेला दिसला. त्याचं नोकरीचं पुस्तक, शौर्याचं मानपत्र आणि छातीवरचं पदक, म्हणजे एक काळा क्रूस, दाजीने खिशात घातला आणि गावी आणला.

आता आमच्याकडे मेल्याची वस्तू घरात आली की मेलेलाही मागोमाग येतो! त्याला जागा द्यावी लागते. त्या वर्षी दाजीची म्हैस गेली, आणि शिवा घाडी धावत आला. हा शिवा म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा माणूस. देव काय बोलतो तेही तोच सांगतो, म्हणजे प्रश्नच मिटला! त्याने फणसाखाली एक धोंडा बसवला, त्यावर क्रूस टांगला आणि नाव ठेवलं 'तोफवालो'. तेव्हापासून दर मार्गशीर्ष अमावास्येला एक कोंबडा. मुंडी तोफवाल्याला, बाकीचा शिवाला!

सतरा वर्षं! सतरा कोंबडे!

"बाळा, तुका म्हणान सांगतंय," दाजी खालच्या आवाजात म्हणाला. "तो तेवा मेलो नाय होतो रे. कण्हत होतो. मी तेचो पाय बांधलंय, पाणी पाजलंय... आणि खिसे रिकामे केलंय. मगे फुडे जावचो हुकूम इलो. जित्या माणसाक लुटून इलंय मी! ह्या सगळां तेच्या घराक पोचाक व्हया. तोपर्यंत माका झोप नाय."

"पंदरा दिवस थांब!" मी छाती ठोकली.

जमवाजमव सुरू झाली. पुस्तक मसाल्याच्या डब्याखाली सापडलं. मानपत्र दाजीच्या बायकोने, शेवंतीवयनीने, आरशाला पाठ म्हणून लावलं होतं. मी ते अलगद ओढलं. आरसा अलगद खाली आला.

"शिरा पडो तुज्या हातार!" वयनी ओरडली.

पुस्तक उघडलं. अक्षरं कसली, करवंदीची जाळी! नाव तेवढं लागलं, ओटो क्रामर. घराचा पत्ता लागला. आणि एका पानावर तारीख, बारा मार्च चव्वेचाळीस, वर गरुडाचा गोल शिक्का!

"मिळाली!" मी ओरडलो. "मयताची तारीख!"

"पण बाळा, मी तर तेका जूनात बगलंय. पाणी पियाल्यान तो!"

"दाजी, तुज्या डोळ्यांक शिक्को आसा काय?"

दाजी हळूच बायकोकडे वळला. "मगे मी पाणी कोणाक पाजलंय गो?"

राहिला क्रूस. शिवा घाडी फणसाला पाठ लावून उभा! "देवाची वस्तू. कौल व्हयो!"

धोंड्याच्या दोन्ही बाजूंना त्याने एकेक पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर परवानगी. दुपार झाली, पाकळी हलेना! शिवाने पाण्याऐवजी फणसाचा चीक लावला होता, असा माझा आजही आरोप आहे. शेवटी माझं डोकं फिरलं.

"कोंबो जाता म्हणान रडतंस मरे? बारा मार्चाक, तेच्या मयताच्या दिवशी, दुसरो कोंबो देतलंय! मी! जलमभर!"

शिवाने पंच्याने घाम पुसला. पंच्याचं टोक उजव्या पाकळीला लागलं.

"होय म्हाराजा!" सगळी वाडी गरजली.

मी इंग्रजीत पत्र लिहिलं. 'आदरणीय बाईसाहेब, आपले यजमान बारा मार्चला वारले. हल्ली आमच्या फणसाखाली सुखात आहेत. कोंबडा वेळेवर मिळतो. त्यांचे कागद व पदक जमवून ठेवले आहेत, वारसाने कळवावे.'

तीन महिन्यांनी उत्तर आलं. सोबत एका गोऱ्याचा फोटो, माणूस नव्हे, रांजण! सगळी वाडी दाजीच्या घरापुढच्या खळ्यात जमली. मी वाचू लागलो.

'महाशय, आपलं पत्र मिळालं. मीच तो मयत.'

मी दोनदा वाचलं. तेच आलं.

'बारा मार्चला मला लग्नासाठी रजा मिळाली होती. तो मरणाचा दिवस आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं, ते माझी बायको विचारते.'

"हो जितो?" शेवंतीवयनी किंचाळली. "मगे सतरा वर्सां कोंबो खाल्ल्यान कोणी?"

सगळ्यांनी शिवाकडे बघितलं. शिवाने फणसाकडे बघितलं. "फोटो खोटो!" तो म्हणाला. "जितो माणूस खंय फणसाखाली रवता?"

"मगे फणसाखाली कोण आसा?"

"तो मेलेलोच आसा!"

"पण कोण?"

असा गोंधळ, की आमच्यापैकी जिवंत कोण हेही मला नीट कळेना! दाजी मात्र पुढे सरकला. "पायाचा... पायाचा काय लिवल्यान?"

'पाय लंगडतो, पण आहे. एका हिंदी शिपायाने बांधला म्हणून मी वाचलो, मग आमच्या लोकांनी मला उचलून नेलं. कागदांचं काय, वैऱ्याचे कागद घेणं हे शिपायाचं कामच. त्याची तपकिरीची डबी माझ्यापाशी राहिली. पुढे आमच्याच तोफांनी त्याची तुकडी उडवली, असं ऐकलं. पाय जुळल्यावर त्या तोफांवर मीही होतो. त्या पुण्यात्म्यासाठी दर जूनमध्ये आम्ही डबीपुढे मेणबत्ती लावतो.'

"माजी डबी!" दाजी मटकन खाली बसला. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरलं. पोटातून हसू फुटलं. किती वेळ तो हसला कोण जाणे. मग एकदम थांबला.

"मेणबत्ती. आणि?"

"आणि काय?"

"कोंबो?"

"नाय."

"वडो तरी?"

"दाजी, मेणबत्तीच लिवल्यान."

"सतरा कोंबे घातलंय मी तेका!" दाजी ताडकन उठला. "सतरा! आणि माका मेणबत्ती?"

पण पुस्तक, मानपत्र, क्रूस, सगळं त्याने स्वतःच्या हाताने बांधलं आणि टपालात टाकलं. घरी येऊन खळ्यातच आडवा झाला, आणि असा घोरला की फणसावरचे कावळे उडाले!

माझं म्हणाल तर, देवापुढे दिलेला शब्द मागे घेता येत नाही, असं शिवाने परस्पर ठरवून टाकलं. दर बारा मार्चला कोंबडा मी देतो. "बा म्हाराजा, तू जो कोण आसशीत तो," असं शिवा गाऱ्हाणं घालतो, आणि मी मान खाली घालून "होय म्हाराजा" म्हणतो.

परवा ओटोने विचारलंय, कोंबडा चवीला कसा असतो?

शिवाला विचारून कळवतो, असं लिहिलं आहे.