हुंकारावर चालणारी गाडी

"बेचाळीस वर्षं चालवतोय, पण गाडीला एक ओरखडा नाही!"

हे वाक्य किल्लीकाका दिवसातून तीनदा म्हणत, जेवणानंतर औषध घ्यावं तसं. किल्लीकाका म्हणजे कुलुपं दुरुस्त करणारे आणि हरवलेल्या किल्ल्या घडवून देणारे. गाडी म्हणजे साइडकारवाली मोटारसायकल. आणि साइडकारमध्ये हत्यारांच्या पेटीवर पाय आणि मांडीवर छत्री ठेवून बसलेल्या काकू. कुणाचं दार अडलं की ही स्वारी फटफटत निघे.

आता खरं सांगतो, पण आपल्यातच ठेवा. गेली आठ वर्षं किल्लीकाकांना दिसत नव्हतं! अगदीच नाही असं नाही. माणूस म्हणजे धुरातला खांब आणि खांब म्हणजे धुरातला माणूस, एवढं कळे. म्हणून ते दोघांनाही "काय, बरंय ना?" विचारून घेत. कुलपाचं काम बोटांचं, तिथे डोळ्यांवाचून भागे. पण आंधळ्याच्या हाती घराच्या किल्ल्या कोण देणार? बोभाटा झाला असता तर चूलच विझली असती.

तेव्हा हँडल काकांच्या हातात आणि रस्ता काकूंच्या तोंडात, अशी वाटणी होती. शब्द मोजून चार. काकू डावीकडे बसत, म्हणून डावं वळण म्हणजे "माझ्याकडे". उजवं म्हणजे "तुमच्याकडे". रस्ता मोकळा असेल तोवर दर श्वासाला "हं", गोष्ट ऐकताना म्हणतात तसं. "हं" थांबलं की गाडी थांबे. चौथा शब्द "अगंबाई!" तो कुणी ठरवला नव्हता. तो आपोआप निघे, आणि ब्रेकही आपोआप दाबला जाई.

घरात दोघं फारसं बोलत नसत. जो काही संसार बोलायचा तो गाडीवर.

आणि काकूंचा घसा बसला.

महिनाभर गुळण्या झाल्या. मग सर्जनने आरसा घालून पाहिलं आणि आवाज खाली आणला. सर्जनने आवाज खाली आणला की समजावं.

"गाठ आहे. शुक्रवारी नऊला टेबलावर घेतो. पावणेनऊपर्यंत आला नाहीत तर पुढचा पेशंट आत जाईल, तुमची पाळी तीन महिन्यांनी. आणि तीन महिने ही गाठ तुमच्यासाठी थांबणार नाही. तोवर एक शब्दही बोलायचा नाही!"

शेजारीण म्हणाली, "काका, टॅक्सी करा हो."

"परक्याच्या गाडीत? ही दारात उभी असताना? बेचाळीस वर्षांत एक ओरखडा..."

काकूंनी कपाळावर हात मारला. मग पाटी घेतली, त्यावर भावाला निरोप लिहिला आणि शेजारणीच्या हाती दिला.

भाऊ म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. पस्तीस वर्षं नोकरी केली, पण 'सदर' या शब्दावाचून एक वाक्य काढलं नाही. शुक्रवारी आठ वाजता ते कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून मागच्या सीटवर चढले. काकूंनी त्यांच्या हातात चार शब्दांची चिठ्ठी दिली.

"ताई, सदर शब्दांचं प्रयोजन काय?"

काकूंनी नवऱ्याच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं आणि मग बोट आडवं हलवलं. हेडक्लार्कना अर्थ कळला तेव्हा गाडी सुटली होती.

"भाऊजी! तुम्हाला दिसत नाही?"

"हळू बोला. गिऱ्हाइकं ऐकतील. हं म्हणा!"

"भाऊजी, सदर ठिकाणी एक टेम्पो उभा असून तो आपल्या मार्गात असण्याची शक्यता नाकारता..."

"चिठ्ठीतला शब्द!"

"तोच बघतोय. 'माझ्याकडे'. पण मी तर मागे बसलोय. माझ्याकडे म्हणजे मागे का?"

खाड्!

"काय होतं ते?" काका ओरडले.

"आरसा."

"कुणाचा?"

"आता कुणाचाच नाही!"

पुढे धोब्यांची गल्ली. "ताईकडे!" हेडक्लार्क ओरडले. डावं वळण. इथे एक गोष्ट सांगायला हवी. डावीकडे वळताना साइडकारचं चाक उचलतं, तेव्हा सगळ्यांनी डावीकडे अंग टाकायचं असतं. काकूंनी टाकलं. हेडक्लार्क मात्र पिशवी वाचवायला नेमके उजवीकडे कलले! साइडकार उठली, मांजर कुंपणावर चढावं तशी. काकू वाळत घातलेल्या कपड्यांच्या उंचीला पोचल्या आणि गाडी खाली टेकली तेव्हा नखशिखान्त एका पांढऱ्या ओल्या चादरीत गुंडाळलेल्या होत्या. चादरीचं एक टोक पेटीच्या कडीत अडकलं होतं. मागून धोबी बोंबलत होता. काकांना काही दिसलं नाही, आणि हेडक्लार्क डोळे मिटून नुसतंच "हं, हं" म्हणत होते.

थोड्या वेळाने काकांना नवल वाटायला लागलं.

"आज हॉर्न कसा कुणी वाजवत नाही हो?"

हेडक्लार्कनी एक डोळा उघडला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी! कुणी टोपी काढलेली, कुणी मान खाली घातलेली. एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "बिचारी. आणि घरच्यांची परिस्थिती बघा, गाडीसुद्धा परवडली नाही."

चौकातल्या हवालदाराने चारही बाजूंची वाहनं अडवली, शिट्टी तोंडातून काढली आणि सलाम ठोकला.

"सरळ जा, काका," तो हळुवारपणे म्हणाला. "सावकाश. आता कसली घाई?"

"घाई नाही कशी? पावणेनऊला पोचायचंय! नाहीतर पुढच्याला आत घेतील!"

हवालदाराने डोळे पुसले. "दुःखाने डोक्यावर परिणाम झालाय," तो बाजूच्या रिकाम्या बसच्या ड्रायव्हरला म्हणाला, आणि स्वतः मोटारसायकल काढून पुढे शिट्टी वाजवत निघाला. काका शिट्टीमागून गेले. आठ वर्षांत त्यांनी इतकी झकास गाडी चालवली नव्हती!

इस्पितळाच्या फाटकावर पहारेकऱ्याने पाहिलं न पाहिलंसं करून हात केला. हवालदार तिकडे वळला, शिट्टी तिकडे वळली, काका तिकडे वळले. गाडी थांबली ती मागच्या बाजूला, एका थंडगार लांबट खोलीच्या दारात. आत जाड रजिस्टर घेऊन एक कारकून बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "नाव?"

आता समोर रजिस्टर आणि उघडं पेन! हेडक्लार्कांचे पस्तीस वर्षांचे हात शिवशिवले. त्यांनी ताईचं नाव सांगितलं, वय सांगितलं, पत्ता सांगितला.

"मृत्यूची वेळ?"

"सदर बाब..." हेडक्लार्क अडखळले. पण रकाना मोकळा ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "आठ अठ्ठेचाळीस लिहा. नंतर दुरुस्ती करता येईल."

"अहो, कोण मेलंय?" काका किंचाळले. "कुठे आहे ती? अगं, बोल ना! नको, बोलू नकोस! पण काहीतरी कर!"

चादरीतून छत्रीची मूठ बाहेर आली आणि साइडकारच्या पत्र्यावर आदळली.

ठक! ठक!

हवालदार तिथल्या तिथे आडवा झाला. कारकुनाने मात्र शांतपणे ओळ खोडली. "दुरुस्तीवर सही लागेल," तो म्हणाला. अनुभवी माणूस.

काकू चादर सोडवून उतरल्या, नवऱ्याचं मनगट धरलं आणि तरातरा पुढच्या इमारतीकडे चालू लागल्या. नऊला चार मिनिटं कमी होती. सर्जन दारातच हातमोजे चढवत होता. पुढच्या पेशंटचा स्ट्रेचर उंबऱ्याशी आला होता.

"तो बाहेर घ्या," सर्जन म्हणाला. मग काकूंकडे पाहून, "मागच्या दाराने आलात म्हणे. तिकडून आमच्याकडे सहसा कुणी येत नाही."

नर्सने कागद पुढे केला. "काका, इथे सही." काकांनी झोकदार सही केली, ट्रेमधल्या पांढऱ्या रुमालावर. नर्सने रुमालाकडे पाहिलं, मग काकांच्या डोळ्यांकडे.

बाहेरच्या बाकावर चार तास गेले. चार तासांत कुणी "हं" म्हणालं नाही, म्हणून काका जागचे हलले नाहीत.

सर्जन आला तो आवाज खाली आणूनच. "गाठ निघाली. वाचतील. पण स्वरयंत्र काढावं लागलं. यापुढे आवाज नाही."

काकांनी मान हलवली. समोरच्या खांबाला म्हणाले, "बरं."

नर्सने त्याच आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरपुढे बसवलं. मोतीबिंदू! दोन्ही डोळे मिळून तासाभराचं काम. आठ वर्षं जे लपवलं ते एका तासात निघून बशीत पडलं.

पट्टी सुटल्यावर काका आधी काकूंच्या खाटेशी गेले. बराच वेळ पाहत राहिले. आठ वर्षांत केस पांढरे झाले होते, गळ्यावर भली मोठी पट्टी होती. मग काकूंना घेऊन ते खाली गाडीशी आले. आणि तिथेच मटकन बसले.

साइडकार कुणीतरी चुरगळून पुन्हा उलगडलेल्या कागदासारखी दिसत होती!

"हे काय?"

काकूंनी पाटीवर लिहिलं, 'टपालपेटी.'

"आणि हे?"

'शाळेचं फाटक.'

"हा केवढा खड्डा! तेव्हा तू काय म्हणालीस?"

'हं.'

"अगं, का?"

काकूंनी पाटी पुसली. 'थांबला असतात तर पुन्हा निघाला नसतात.' मग जरा विचार करून खाली लिहिलं, 'चादर मुद्दाम काढली नाही. रस्ता मिळत होता.'

आता काकांना सगळं दिसतं. तरी मोकळ्या रस्त्यावर त्यांची गाडी मध्येच थांबते, मागचे हॉर्न वाजवतात, शिव्या घालतात. कानाला "हं" लागत नाही ना! मग काकू छत्रीच्या मुठीने पत्र्यावर एकदा ठोकतात. ठक. गाडी निघते. ठक. ठक. अशी ती दर श्वासाला वाजत जाते, आणि पत्र्याला रोज नवा पोचा पडतो. दोन ठोके जोडून आले की मात्र "अगंबाई!" समजायचं.

परवा नवं गिऱ्हाईक भेटलं. काकांनी छाती फुगवली.

"बेचाळीस वर्षं चालवतोय, पण गाडीला एक ओर..."

ठक! ठक!

काका जागच्या जागी थांबले.