कर्णेवाले बबनदादा

बबनदादा कुठल्याही दुकानात शिरले की आधी फ्रिजला हात लावतात. आजारी पोराचा ताप बघावा तसा त्याच्या अंगावर तळहात टेकवायचा, डोळे मिटायचे आणि दुकानदाराला सांगायचं, "वाजतंय." मग मिक्सर, मग विजेचा मीटर, मग स्टुलावर चढून पंख्याची दांडी. शहापुरातल्या एका मेडिकलवाल्याला वाटलं, वीजचोरी पकडायला साहेब आले. त्याने घाबरून स्पेशल चहा मागवला. दादांनी तो शांतपणे प्यायला आणि जाताना म्हणाले, "चहा बेस. पण फ्रिज बदला. आमचं पोरगं टिकायचं नाय इथं."

हाताने तपासायचं कारण साधं आहे. बबनदादांना ऐकू येत नाही. उजवा कान पार गेलाय, डावा लहर लागली तर चालतो. उभी हयात कर्ण्याखाली काढल्यावर दुसरं काय होणार? त्यांचा मंडप-साउंडचा धंदा होता. शहापूरपासून डोळखांबपर्यंत हळद असो, सत्यनारायण असो, नाहीतर क्रिकेटचे सामने, कर्णा बबनदादांचाच. आमच्या लग्नातही तोच होता. बोहल्यावर नवऱ्याने माझ्या कानाशी येऊन काहीतरी विचारलं, मी नुसती मान डोलावली. काय विचारलं ते आजतागायत कळलेलं नाही, त्या होकाराचे परिणाम मात्र भोगतेय.

तर हा असा, अख्ख्या तालुक्याचे कान बसवणारा माणूस आता "आवाज कमी करा" म्हणत दारोदार फिरतो. तेही कुजबुजत. म्हणजे त्यांच्या मते कुजबुजत. त्यांची कुजबूज किन्हवलीच्या नाक्यावर सुरू झाली की एसटी स्टॉपवरची माणसं माना वळवतात.

ह्याचं मूळ योगिता. दादांची एकुलती एक लेक. लहानपणी कर्णा लागला की कोपऱ्यात जाऊन कानांवर हात दाबून किंचाळायची. लोक म्हणाले, लाडावलीय. कोणी म्हणालं, बाहेरचं आहे, उतरवून टाका. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात म्हणे, पण योगिताला पाच मिनिटं भेटा, ती स्वतःत मग्न वगैरे काही नसते, तुमच्या साडीवर फुलं किती ते तुम्हाला सांगत असते. दादांनी त्याच महिन्यात धंदा विकला आणि मुरबाडच्या रस्त्याला छोटंसं किराणा दुकान टाकलं. बायको आरोग्य केंद्रात नर्स, तिची ड्युटी चुकायची नाही. म्हणून दुकानाच्या गल्ल्यामागे योगिताला वाढवली ती ह्या माणसाने. सकाळच्या शाळेत सोडणं, आणणं, जेवू घालणं, सगळं.

पुढे योगिता अठराची झाली आणि शाळा संपली. अशा मुलांची शाळा संपते, मुलं थोडीच संपतात? मग अशा मुलांच्या आईबापांनी मिळून शहापुरात एक हॉल भाड्याने घेऊन केंद्र काढलं. तिथे अस्मितामॅडम ह्या मुलामुलींना एकट्याने एसटीने जायला शिकवतात, भाजी आणायला, कुकर लावायला, नको असेल तेव्हा 'नको' म्हणायला. आणि त्यांना झेपेल असं काम शोधायचं, हे खातं बबनदादांनी स्वतःकडे ओढून घेतलं.

त्यांचा नियम एकच. "आधी मी, मग पोर." म्हणजे जिथे मुलाला पाठवायचं तिथे आधी स्वतः राबून बघायचं. बेकरीत नानकटाया थापल्या. नर्सरीत पिशव्यांत माती भरली. लाँड्रीत इस्त्री करताना गप्पांत रंगले आणि एका वकिलाच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर खमंग त्रिकोण उठवला. पण बेकरी, नर्सरी, लाँड्री, तिन्हीकडे आज केंद्रातली मुलं काम करतात आणि मालक खूश आहेत. वकील सोडून.

सगळ्यांच्या पोरांना जागा मिळाली. राहिली फक्त योगिता. कारण बबनदादांच्या तपासणीत तिच्यासाठी एक जागा पास होईना. इथे फिनेलचा वास, तिथे मालक फार हसतो, त्यापलीकडे कुत्रं. मॅडम माझ्याकडे आल्या. माझा किन्हवलीत तांदूळ, नाचणी निवडून पाकिटं भरायचा उद्योग आहे. म्हणाल्या, "काकू, ती एकवीसची झाली. अजून गल्ल्यामागे बसून आहे. तिला काम करायचंय, रोज विचारते. तुमची जागा तरी त्यांच्याकडून पास करून घ्या."

मी म्हटलं, हात्तिच्या! माझ्या जागेला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचाय.

तो आला. सकाळच्या गाडीने. पहिल्या दिवशी फ्रिज नापास. मी फ्रिज मागच्या पडवीत हलवला. दुसऱ्या दिवशी पंखा नापास. बेअरिंग बदलून घेतलं. मग माझ्या फोनची घंटी. ती बंद केली आणि नणंदेचे सात फोन चुकले, त्याचा मात्र मला फायदाच झाला. शेवटी दादा माझ्याकडे बघत उभे राहिले. मग कुजबुजले, म्हणजे समोरच्या सलूनमध्येही ऐकू गेलं, "वयनी, तुमच्या बांगड्या वाजतात. तेवढ्या काढाल का?"

माझं डोकंच फिरलं. "नवरा धडधाकट आहे माझा! बांगड्या काढू होय? तोंडाला येईल ते बोलता?"

सलूनवाला वस्तरा घेऊन बाहेर आला. दादांनी जीभ चावली, स्वतःचे कान धरले आणि मिळेल त्या गाडीने पळाले. दुसऱ्या दिवशी हजर, कागदात गुंडाळलेल्या हिरव्यागार प्लॅस्टिकच्या बांगड्या घेऊन. "ह्या वाजत नाय. सगळा बाजार हलवून बघितला."

"तुम्हाला काय कळणार हलवून?"

"मी नाय. योगितानं हलवल्या."

घातल्या मी. अजून हातात आहेत, दिसतातही बऱ्या.

त्या आठवड्यात दादांबरोबर मॅडम आणि योगिता जागा बघायला आल्या. योगिता आली ती थेट सुपासमोर बसली आणि तांदळातले खडे वेचायला लागली. इतकी मन लावून, की मॅडमनी मला हळूच चिमटा काढला. बबनदादा टेबलापाशी गेले. तळहात टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वाजतंय."

मी चक्रावले. फ्रिज पडवीत, पंखा बंद, बांगड्या प्लॅस्टिकच्या. टेबल कसं वाजेल? मी त्यांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. टेबल गार आणि गप्प होतं.

"भावजी," मी त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन म्हटलं, "टेबल नाही. तुमचा हात थरथरतोय."

त्यांनी हात उचलून पाठीमागे लपवला. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. "माझ्याबिगर ती एक दुपार राहिली नाय वयनी," ते म्हणाले, आणि ह्या वेळी खरंच हळू म्हणाले. मी स्टूल ओढून त्यांना बसवलं.

योगिता सुपातून मान वर न करता म्हणाली, "जागा चांगली आहे. मी सोमवारी येणार."

मग काय, बाप बिचारा पास करणार की नाही?

सोमवारी ती एकटी एसटीने आली. म्हणजे ती पुढच्या सीटवर, आणि दादा मागे, तोंडावर टॉवेल गुंडाळून. उतरल्यावर समोरच्या आंब्याखाली जाऊन बसले. मी बघतेय, योगिता बघतेय, सलूनवाला बघतोय. लपलेत असं वाटणारा माणूस एकटा तोच. चहाच्या वेळी योगिता रस्ता ओलांडून गेली आणि म्हणाली, "बाबा, घरी जा. मला काम आहे."

दादा उठले. मला वाटलं रडतात की काय. पण चेहरा असा फुलला होता, की मीच उगाच तांदळाची पाकिटं इकडची तिकडे करत बसले.

गाडी आली आणि गेली. दादा गेले नाहीत. मागच्या दाराने माझ्या पडवीत येऊन उभे. "तिला बघायला नाय आलो हां वयनी. तुमाला विचारायला आलो. बाकीची माणसं दुपारी करतात तरी काय?"

मला हसू फुटलं. "झोपतात, भावजी."

"झोपतात?" त्यांनी असं विचारलं, जसं काही मी त्यांना विमान चालवायला सांगितलं. "ती झाल्यापासून दुपारी आडवा नाय झालो मी."

मी चटई अंथरली. उशाला नाचणीची रिकामी गोणी दिली. पाठ टेकली आणि डोळा लागला. आणि घोरणं! अहो, ते घोरणं ऐकून फ्रिजसुद्धा लाजला असता. एवढ्या वर्षांची साठवलेली झोप होती ती.

पाचला काम आवरलं. योगिताची गाडी सव्वापाचची आणि तिची गाडी चुकली की दिवस बिघडतो, हे मॅडमनी मला बजावून ठेवलेलं. मी घाईघाईने पडवीत गेले, दादांना हलवायला.

योगिता तिथे आधीच होती. घोरणाऱ्या बापाच्या उशाशी, भिंतीला टेकून. दोन्ही हात कानांवर गच्च दाबलेले, डोळे घट्ट मिटलेले. नाक्यावर सव्वापाचची गाडी येऊन थांबली, हॉर्न देऊन निघालीसुद्धा.

मी दादांच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात तिने डोळे उघडले.

"उठवू नका, काकू," ती म्हणाली. "बाबा झोपलेत."