म्हशीची कांती आणि उरलेली चौदा पानं

एका जंगलात एक म्हैस सुखात होती.

बाळांनो, खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण सुखात असलेल्या म्हशीला कोणी सुखात राहू देत नाही, म्हणून आपल्याला पुढे जावं लागतंय. मांडी घालून बसा. आणि मध्येच शंका विचारू नका.

म्हशीचं नाव जांभळी. रंग पिकलेल्या जांभळाचा. ती रानम्हैस होती, म्हणजे तिला धुवायला कोणी नव्हतं, आणि कोणी धुवावं असं तिलाही वाटत नव्हतं. सकाळी कळपाबरोबर गवत खायचं आणि दुपारी डबक्यात उतरायचं, एवढाच तिचा दिनक्रम. डबकं तिचं स्वतःचं होतं. तिच्या आईनं लोळून लोळून ते खोल केलं होतं आणि जांभळीनं लोळून लोळून ते राखलं होतं. असं डबकं रोज कोणीतरी लोळलं तरच टिकतं. नाहीतर चिखल वाळतो, भेगा पडतात आणि त्याचं नुसतं मैदान होतं. म्हशींना हे न शिकवता ठाऊक असतं.

जांभळी अर्धी बुडून बसली की तिच्या पाठीवर बगळोजी येऊन उतरायचा. हा एक गायबगळा. पांढरा, हडकुळा आणि जरा तोंडाळ. तिच्या कानामागचे, मानेवरचे गोचीड वेचून खायचे, हे त्याचं जेवण. आणि जेवता जेवता तो तिला पुस्तक वाचून दाखवायचा.

पुस्तक कुठून आलं? सहलीला आलेली माणसं जंगलात बरंच काही विसरून जातात. चपला विसरतात, डबे विसरतात, एकदा तर एक जावई विसरून गेली होती. त्या वर्षी कोणीतरी एक रहस्यकथा विसरलं होतं. तिचं मुखपृष्ठ फाटलेलं होतं, पण आत सगळं शाबूत होतं. लग्नघरातून नवरीची नथ चोरीला जाते. घरात आचारी आहे, करवली आहे, फोटोग्राफर आहे, आणि कोपऱ्यात मुलीचा मामा बसलाय. त्याला कोणी चहासुद्धा विचारत नाही.

"करवलीच चोर आहे," जांभळी म्हणायची. "बघ ना, किती गोड बोलते."

"छट्! आचारी," बगळोजी म्हणायचा. "मीठ मागायला कोणी देवघरात जातं का?"

"कोणाचा का असेना दोष, त्या मामाला आधी चहा द्या रे कोणीतरी."

"मान जरा डावीकडं घे, जांभूताई. एक मोठा बसलाय."

असं रोज चालायचं. चौदा पानं उरली होती.

त्याच जंगलात वारुळापाशी एक धामण राहायची. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते असं माणसं म्हणतात. बाळांनो, हे साफ खोटं आहे. या धामणीनं म्हशीचं फक्त डोकं खाल्लं.

तिला सगळे सुकांतीमॅडम म्हणायचे. अंग असं चकचकीत की ऊन पडलं की बघणाऱ्याचे डोळे दिपायचे. मॅडमचा वर्ग होता. त्यात त्वचेची निगा, सकारात्मक विचार आणि आनंदासाठी वाचन, असं तिन्ही एकदम शिकवलं जायचं. दर दोन-अडीच महिन्यांनी मॅडम आठ-दहा दिवस दिसेनाशा व्हायच्या. "एकांतसाधनेला गेल्यात," असं विद्यार्थी हळू आवाजात सांगायचे. परत यायच्या त्या आणखी चकचकीत होऊन. मग विद्यार्थी वाढायचे.

एका दुपारी मॅडम डबक्यावरून चालल्या होत्या. सापाला चालल्या कसं म्हणायचं, हे विचारू नका म्हणून आधीच सांगितलंय.

"अगं, हे काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"दुपार," जांभळी म्हणाली.

"तसं नव्हे. दिवसातून स्वतःसाठी वेळ काढतेस की नाही?"

"कुठून काढू? आहे तो सगळा माझाच आहे."

मॅडमना वाईट वाटलं. इतकी अडाणी म्हैस त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी जांभळीला डबक्यातून बाहेर काढलं आणि झऱ्याच्या काठावर नेलं. "स्वतःकडे बघ," त्या म्हणाल्या. "शेवटचं कधी या त्वचेवर प्रेम केलं होतंस?"

जांभळीनं पाण्यात पाहिलं. रोज ती तिथं पाणी प्यायला यायची. बघायला आज पहिल्यांदाच आली होती. तिला मानेवरच्या सुरकुत्या दिसल्या. तशाच सुरकुत्या तिच्या आईच्या मानेवर होत्या, आणि लहानपणी ती त्यांत तोंड खुपसून झोपायची. पण आज तिला त्या बघून लाज वाटली. कशाची, ते मात्र सांगता येईना.

"घाबरू नकोस," मॅडम म्हणाल्या. "सात लेप लावायचे. रोज सकाळी पाण्यात बघून म्हणायचं, मी मऊ आहे, मी तेजस्वी आहे, मला काहीही चावत नाही. आणि वाचायचं."

"वाचतो ना आम्ही!" जांभळी एकदम खूश झाली. "चौदाच पानं उरलीत."

"काय शिकलीस त्यातून?"

"आचारी मीठ मागायला देवघरात गेला होता."

मॅडमनी डोळे मिटायचा प्रयत्न केला. सापांना पापण्या नसतात, त्यामुळे तो वाया गेला. "आनंदासाठी वाचणं फार चांगलं," त्या म्हणाल्या, "पण आनंद नेमका किती झाला ते कळलं पाहिजे. माझं पुस्तक घे. रोज वीस पानं. प्रत्येक पानानंतर तीन वाक्यांत बोध लिहायचा. मध्ये हसायचं नाही, लक्ष विचलित होतं."

तेवढ्यात बगळोजी येऊन पाठीवर बसला. "जांभूताई, कानामागं गोचीड आहे."

"ऐकलंस?" मॅडम फुत्कारल्या. "तोंड उघडलं की गोचीड! असल्या नकारात्मक मंडळींना आयुष्यातून हळुवारपणे वजा करायचं असतं."

"पण गोचीड खरंच आहे," बगळोजी म्हणाला.

"तू बघतोस म्हणून आहे."

जांभळीनं एकदा बगळोजीकडे पाहिलं, एकदा मॅडमच्या चकचकीत अंगाकडे. मग ती खाली मान घालून म्हणाली, "बगळोजी, तू थोडे दिवस नको येऊस. पुस्तक घेऊन जा. पुढचं तू वाचून टाक."

"तुझ्याशिवाय?"

"हो."

बगळोजी तोंडाळ होता, पण त्या दिवशी काही बोलला नाही. पुस्तक चोचीत धरून तो उडून गेला. तोंडात पुस्तक असल्यावर बोलणार तरी काय!

झालं. जांभळीची निगा सुरू झाली. पळसफुलांचा लेप, कोरफडीचा लेप, जास्वंदीचा लेप. सातवा लेप मधाचा. चिखलाला पायसुद्धा लावायचा नाही. दुपारभर ती उन्हात बोध लिहीत उभी राहायची. मधाच्या वासानं गोमाश्या यायच्या आणि आपल्या मैत्रिणींनाही बोलावून आणायच्या.

"मला काहीही चावत नाही," जांभळी म्हणायची.

गोमाश्यांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. त्यांची तोंडं कामात होती.

गोचिडांचं तर नशीबच उघडलं. कानामागे त्यांची वस्ती झाली. मग मानेवर झाली. पंधरा दिवसांत जांभळीला गवत बेचव लागायला लागलं. महिन्याभरात तिच्या बरगड्या दिसू लागल्या. कळप पुढे जायचा आणि ती मागे राहायची.

"पाय का ओढतेस?" कळपातल्या थोरल्या म्हशीनं विचारलं.

"मी समर्थ आहे," जांभळी म्हणाली आणि खाली बसली.

मागे राहणाऱ्या म्हशीवर जंगलात एकाचं बारीक लक्ष असतं. एका संध्याकाळी झुडपातून आवाज आला, "वा! कांती फार सुरेख झालीय तुमची."

जांभळी सुखावली. महिनाभर कष्ट घेतले आणि आज कोणीतरी पहिल्यांदा कौतुक केलं होतं. तिनं वळून पाहिलं. तो वाघ होता.

"पूर्वी तुमच्या अंगावर बोटभर चिखल असायचा," वाघ अदबीनं म्हणाला. "दातात कचकच येते हो. आता कशा स्वच्छ दिसता. मध कुठला, रानातलाच ना?"

"हो," जांभळी मागे सरकत म्हणाली.

"उत्तम. आज माझं पोट भरलंय. उद्या येतो. तुम्ही मात्र निगा सोडू नका."

जांभळी धडपडत, ठेचकाळत वारुळापाशी पोहोचली. या संकटातून एकच जण आपल्याला वाचवू शकते अशी तिची खात्री होती.

"मॅडम! मॅडम!"

"कोण तडमडलंय आता?" आतून आवाज आला. "जा! मला काही दिसत नाहीये."

जांभळीनं डोकावून पाहिलं. मॅडमचे डोळे दुधासारखे पांढरे झाले होते. कांती गेली होती. अंग राखेच्या रंगाचं दिसत होतं, ओठांपाशी कातडं सुटून लोंबत होतं, आणि मॅडम एका खडबडीत दगडावर तोंड घासत होत्या.

"मॅडम, ही एकांतसाधना?"

"कसली साधना, कात टाकतेय मी! अंगाची नुसती आग आग होते. मेलं काय जिणं आहे हे! दर दोन महिन्यांनी तेच."

"पण तुम्ही सकारात्मक..."

"अंगाला खाज सुटल्यावर कसलं आलंय सकारात्मक! सरक तिकडे, वारा नको अडवूस."

"आणि ते सात लेप?"

"ते निघून जातात कातीबरोबर."

"मग ती चकाकी?"

"ती कात टाकली की येते. आमच्यात सगळ्यांनाच येते. माझ्या भावाला येते, तो तर वर्षभर उंदीर खाऊन झोपतो."

बाळांनो, तुम्हाला वाटेल, जांभळी आता भडकली असेल. मुळीच नाही. तिला एकदम हलकं वाटलं. ती त्या दगडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचं झालं की तो दगड मला द्याल का?"

दगड मिळाला नाही, पण वाटेत बाभळीचं खोड मिळालं. जांभळीनं त्यावर अंग घासलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, इतकं बरं वाटलं. मग ती डबक्यावर गेली.

डबकं राहिलं नव्हतं. भेगाळलेलं मैदान होतं. आईनं एवढं खोल केलेलं डबकं आपण महिनाभरात घालवलं, या विचारानं तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं शिंगं खाली घातली आणि उकरायला लागली. हातभर खाली ओल लागली. उजाडेपर्यंत चिखल झाला. ती त्यात लोळली. इकडून लोळली, तिकडून लोळली, शेपटीसुद्धा बुडवली.

सकाळी वाघ ठरल्याप्रमाणे आला. काठावर उभा राहिला, खाली बघत राहिला.

"अरेरे," तो म्हणाला. "इतक्या दिवसांची मेहनत वाया घालवलीत हो!" आणि उदास होऊन निघून गेला.

तेवढ्यात पाठीवर ओळखीचे दोन पाय टेकले.

"बगळोजी," जांभळी मागे न बघता म्हणाली, "कानामागं बघ रे."

"बघतो. पण गोचीड आहेत असं म्हणू का?"

"म्हण."

"लई आहेत."

"आता कसं बरं वाटलं," जांभळी म्हणाली.

बगळोजी पोटभर जेवला. मग उडून बाभळीच्या ढोलीतून पुस्तक घेऊन आला.

"संपवलंस ना?" जांभळीनं विचारलं. "कोण होतं चोर?"

"नाही वाचलं."

"चौदाच तर पानं होती."

"दोनदा काढलं होतं," बगळोजी म्हणाला. "पण मामाला चहा द्या असं मध्येच म्हणणारं कोणी नव्हतं. मजा येईना."

जांभळीनं त्यावर काही बोध लिहिला नाही. तिनं मान डावीकडे केली आणि बगळोजी वाचू लागला. दुपार कलायच्या आत चोर सापडला. चोर मामा होता. नथ त्यानं चहाच्या रिकाम्या कपाखाली लपवली होती.

"मला पहिल्यापासून वाटतच होतं," जांभळी म्हणाली.

बगळोजी गप्प राहिला. मैत्री, बाळांनो, अशी असते.

खरं तर गोष्ट इथेही संपायला हरकत नव्हती. पण चार दिवसांनी सुकांतीमॅडम परत आल्या, लखलखीत होऊन. मागोमाग सगळा वर्ग. डबक्यात जांभळी डोळे मिटून बसली होती. अंग भरू लागलं होतं, तोंडावर समाधान होतं.

"बघा!" मॅडम विद्यार्थ्यांना म्हणाल्या. "माझ्या मार्गदर्शनाचा परिणाम!"

दुसऱ्या दिवशी तिथं कर्दमसाधनेचा वर्ग सुरू झाला. डबक्यात हरणं आली, ससे आले, एक साळिंदरही आलं, त्यामुळे सगळ्यांना जपून बसावं लागलं. सर्वांनी चिखलात बसून बोध लिहायचे होते. जांभळीला आदर्श विद्यार्थिनी म्हणून हार घातला आणि मागच्या रांगेत जागा दिली.

तिनं हार खाल्ला. मग बगळोजीला पाठीवर घेऊन ती टेकडीच्या पलीकडे गेली. तिथं तिनं लोळून लोळून नवं डबकं केलं आणि काठावर एक पाटी लावली: "येथे फक्त नकारात्मक विचार केले जातात."

तेव्हापासून तिकडे कोणी फिरकलेलं नाही. फक्त कधीकधी दुपारी टेकडीपलीकडून एका म्हशीच्या हसण्याचा आवाज येतो. कोणी विचारलंच, तर ती खोकला झालाय म्हणून सांगते.

तात्पर्य: सुखात असाल तर चारचौघांत थोडं कण्हत-कुथत जावं. नाहीतर कोणीतरी येऊन तुम्हाला सुखी करतं.