घड्याळजींची प्रसूतीची पेटी

"डॉक्टरांनी फक्त बाळ झेलायचं. बाकीचं सगळं माझ्या पेटीत आहे!" असं मुलीला दिवस गेल्यापासून घड्याळजींनी आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं. ज्यांना नुसता पट्टा बदलून हवा होता, त्या बिचाऱ्यांनीसुद्धा ते मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

पेटी घड्याळाच्या सुट्या भागांची, पण आत होमिओपॅथीच्या इवल्याशा बाटल्या. कळा नीट याव्यात म्हणून एक, पाठ भरून आली तर दुसरी, जीव घाबरला तर ॲकोनाइट, बाळंतपणानंतर अंग ठेचल्यासारखं दुखतं त्यावर आर्निका आणि शेवटची, दूध यावं म्हणून. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने, म्हणजे होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी, त्या दिल्या होत्या. मुलीच्या डॉक्टरीणबाईंनी बाटल्या उलटसुलट करून पाहिल्या आणि त्या म्हणाल्या, "द्या हवं तर. पण माझ्या औषधांच्या मध्ये लुडबूड नको!"

घड्याळजींना हे एवढं का सुचलं होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी शाळेत असतानाच तिची आई गेली. बंद पडलेलं घड्याळ घड्याळजी डोळे मिटून उघडतील, पण कळा देणाऱ्या मुलीशी काय बोलायचं, ते त्यांना कोण शिकवणार? तिच्या आईने जे केलं असतं, ते आपल्याला जमणार नाही, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. म्हणून त्यांनी होमिओपॅथीचं एक जाडजूड पुस्तक मिळवलं आणि सगळं घर वेठीला धरलं.

पुस्तकात लिहिलं होतं, उग्र वासाने गोळ्यांचा गुण जातो. झालं! कॉफी बंद, अत्तर बंद, डोक्याला चोळायचा बाम बंद. जावई एकदा गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे कॉफी पिताना सापडला.

"बाबा, कळा मला यायच्या नाहीयेत हो!" तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"पण वास तुमचाच येतोय ना!" घड्याळजींनी कप टाकीच्या कडेने ओतून दिला.

शिवाय गोळीला हात लावायचा नाही. त्याची चिंताच नव्हती. त्यांच्याकडे घड्याळाचा चिमटा होता!

एका दुपारी मुलगी कठडा धरून जिन्यावरून दुकानात उतरली. "बाबा, निघूया," एवढंच म्हणाली. घड्याळजी अजिबात गडबडले नाहीत. त्यांनी शांतपणे शटर ओढलं, पेटी उचलली आणि टॅक्सीत बसले. दवाखान्याच्या दारात जावयाने सांगितलं तेव्हा त्यांना कळलं, की डोळ्याला लावलेलं भिंग अजून डोळ्यालाच आहे.

मुलीला आत नेलं. सिस्टरनी बजावलं, तपासणी होईपर्यंत कोणीही आत यायचं नाही. जावई बाहेरच्या बाकावरून दर मिनिटाला उठून दाराला कान लावायला लागला.

"आ करा!" घड्याळजी म्हणाले.

"मी?"

"भीतीची गोळी आहे. आ करा म्हणतो ना!"

चिमट्याने गोळी जिभेवर गेली. मग घड्याळजींनी स्वतःही एक घेतली, कारण आतून मुलीचा आवाज आला होता. शेजारी एक बस ड्रायव्हर बसला होता. त्याची बायकोही आतच होती. "काका, मलाही घाबरल्यासारखं होतंय," तो हळूच म्हणाला. त्यालाही एक. त्याच्या सासूबाईंची पाठ बाकावर बसून धरली होती. त्यांना पाठीची. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला काहीच होत नव्हतं, पण सगळे घेताहेत म्हणून तोही रांगेत उभा राहिला. घरट्यातल्या पिल्लांसारखी सगळ्यांची तोंडं उघडी! घड्याळजींना इतकं महत्त्व आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. आतून आवाज आला की बाहेर पुढची फेरी निघायची. ॲकोनाइट संपलं, पाठीची संपली, आर्निका सासूबाईंच्या गुडघ्यांनी संपवली.

"आता ह्या कशाच्या?" ड्रायव्हरने आ करता करता विचारलं.

"कळा नीट याव्यात म्हणून."

"मला?"

"तुम्हाला काही होत नाही हो! हलू नका!"

तेवढ्यात दार उघडलं. "घड्याळवाले बाबा कोण? तुमची मुलगी गोळ्या मागतेय. म्हणते, बाबांनीच आणून द्यायच्या."

घड्याळजींनी पेटीत पाहिलं. एकेक बाटली भिंगाखाली धरली, हलवली, पालथी केली. रिकामी! सगळ्या रिकाम्या! उरली होती फक्त दुधाची. एवढे महिने ज्या घटकेसाठी जिवाचा आटापिटा केला, ती घटका आली आणि पोरीने मागितलेली गोळी बापाने बस ड्रायव्हरला चारली होती! ते तसेच आत गेले.

मुलगी घामाने चिंब झाली होती.

"पोरी, गोळ्या संपल्या गं."

"संपल्या? कोणी खाल्ल्या?"

"ड्रायव्हरने. त्याच्या सासूने. तुझ्या नवऱ्याने." ते खाली मान घालून म्हणाले, "आणि मी."

ती हसायला लागली, पण हसू अर्ध्यावर असतानाच कळ आली. तिने बापाचा उजवा हात पकडला. घड्याळजींचा उजवा हात म्हणजे घरातली सगळ्यात जपलेली वस्तू! त्या हाताने त्यांनी कधी पाण्याची बादलीसुद्धा उचलली नव्हती. ते ओरडले. मुलीपेक्षा मोठ्याने ओरडले.

कळ ओसरल्यावर ती म्हणाली, "गोळ्या कोणाला हव्या होत्या, बाबा? सिस्टर कोणाला आत सोडत नव्हत्या. औषधाचं नाव काढलं म्हणून तुम्हाला सोडलं."

"पण मला काही बोलता येत नाही गं अशा वेळी. तुझी आई असती तर…"

"आई असती तर बोलून बोलून माझं डोकं उठवलं असतं! तुम्ही नुसते थांबा."

मग ते थांबले. पुढची कळ आली, त्याच्या पुढची आली. मध्ये जावई आत यायला निघाला, पण उंबरठ्यावरच डोळे फिरून खाली बसला. सिस्टरनी विचारलं, "आजोबा, तुम्ही जाता का बाहेर?" बापलेक एकदमच म्हणाले, "नाही!" प्रत्येक कळेला दोघं मिळून असे ओरडत होते, की शेवटी डॉक्टरीणबाई वैतागल्या. "नक्की कोणाला कळ येतेय, ते एकदा ठरवा बघू!"

आणि मग तिसराच एक आवाज आला. बारीक, चिरका आणि भयंकर रागावलेला. घड्याळजी ढसाढसा रडले. काय बोलायचं, ते त्यांना तेव्हाही सुचलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

संध्याकाळी जावई खोलीबाहेर उभा राहून नातेवाइकांना फोनवर सांगत होता.

"हो हो, मुलगी झाली! दोघी ठणठणीत आहेत!… दुखतंय का? हो, खूप. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितलीय. महिनाभर जड उचलायचं नाही, दुसऱ्याने भरवायचं… अहो, हिला नाही! ही मस्त गप्पा मारत बसलीय. बाबांना! दोन बोटं प्लास्टरमध्ये आहेत!"