पाखरांनी खाल्लेली रेषा

"अहो, वाया गेलेलं पीठ आहे का हो तुमच्याकडे?"

नवऱ्यानं चहाचा कप ओठांपाशीच थांबवला. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं त्याच्याकडे बऱ्याच वस्तू मागितल्या होत्या, पण वाया गेलेलं काही मागायची तिची ही पहिलीच वेळ.

"वाया गेलेलं म्हणजे?"

"म्हणजे किडकं, जाळी धरलेलं. माणसाच्या पोटात जाणार नाही असं."

"आमच्या बेकरीत तसलं काही नसतं," तो ताठ मानेनं म्हणाला. मग आवाज उतरवून विचारलं, "किती पाहिजे?"

बायकोला सगळी वस्ती मैदानमावशी म्हणायची. नगरपालिकेचं खेळाचं मैदान तिच्या ताब्यात होतं. गवताला पाणी घालायचं, फाटक उघडायचं, पोरांची भांडणं सोडवायची आणि सामन्याआधी चाकाच्या गाडीनं पांढऱ्या भुकटीच्या रेषा मारायच्या. त्या भुकटीला फक्की म्हणतात. आणि नेमकी फक्कीच संपली होती.

सकाळी ती कोठारात जाऊन आली होती. कोठारबाबूनं कपाटाकडे न बघताच मान हलवली. "मावशी, खेळाच्या खात्यात खडखडाट आहे. नवीन वर्षात या."

"अहो, उद्या साहेब पाहणीला येणारेत!"

"मग पाहू द्या की. पाहायला कुठे पैसे लागतात?"

पाहणी साधीसुधी नव्हती. मैदान खेळण्याजोगं आहे की नाही, हे साहेब ठरवणार होते. नसलं तर तिथे गाड्या उभ्या करायची जागा होणार होती. मावशीची नोकरी जाणार नव्हती, शिट्टीही तीच राहणार होती. फक्त ती पोरींच्या सामन्याऐवजी मागे येणाऱ्या गाड्यांसाठी फुंकावी लागणार होती. तिची स्वतःची लेक याच मैदानावर फुटबॉल खेळायला शिकली होती, आणि पुढच्या महिन्यात मुलींची स्पर्धा होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नवरा पिठाचं पोतं घेऊन हजर झाला. मावशीनं गाडी भरली आणि रेषा मारल्या. काय त्या रेषा! फक्कीलाही कधी असा गोरेपणा आला नव्हता.

"छान झालंय गं," नवरा म्हणाला. "भाजायला टाकावंसं वाटतंय."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी एक कबुतर उतरलं. त्यानं रेषेला टोच मारली, मान वाकडी करून क्षणभर विचार केला आणि बहुधा सगळ्या भाऊबंदांना निरोप धाडला. कारण बघता बघता कबुतरं आली, चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या. कावळे आले, ते तर पंक्तीत अध्यक्षस्थानी बसल्यासारखे मधल्या वर्तुळात बसले.

मावशीनं शिट्टी फुंकली. पण ही मैदानातच लहानाची मोठी झालेली पाखरं! शिट्टी झाली की खेळ सुरू, एवढंच त्यांना ठाऊक. ती दुप्पट जोमानं टोचू लागली. नवरा हात हलवत एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत धावला. पाखरं त्याच्यापुढे उडायची आणि त्याच्या मागे उतरायची.

"थांबा, पाणीच सोडते. मग उडतील मेली!"

"अगं नको! पीठ आहे ते!" नवरा लांबून ओरडला. पिठावर पाणी पडलं की काय होतं, हे त्या मैदानावर फक्त त्यालाच कळत होतं. पण मावशीचा हात पंपाच्या बटणावर गेलाच होता. कारंजी सुरू झाली, पाखरांनी मनसोक्त आंघोळ केली, आणि रेषांची कणीक झाली.

नेमकी तेव्हाच फाटकात जीप थांबली.

साहेब उतरले, मागोमाग वही घेऊन लेखा विभागाच्या बाई उतरल्या. साहेबांनी ऐटीत कडेच्या रेषेवर पाऊल ठेवलं आणि पुढे चालू लागले. पाय पुढे आला, बूट मागे राहिला.

"ही कसली फक्की?"

"नवीन आलीय साहेब," मावशी म्हणाली. "वाऱ्यानं उडत नाही."

साहेबांनी बूट नाकाशी नेला. "हिला पावाचा वास का येतोय?"

"अजून कच्ची आहे ना," नवऱ्यानं उत्साहानं माहिती पुरवली. "यीस्ट घातलं असतं तर फुगली असती."

मावशीनं नुसत्या डोळ्यांनी त्याची कणीक तिंबली. मग पदराला हात पुसत खरं काय ते बोलून मोकळी झाली. "पीठ आहे साहेब. फक्की मिळाली नाही. पण मैदान चांगलं आहे हो. पोरी रोज खेळतात इथे. एका पोत्यासाठी ते घालवू नका."

साहेबांनाही वाईट वाटलं असावं, पण एका पायात ओला मोजा असताना माणूस किती हळवा होणार? "बाई, लिहा. मैदान खेळण्याजोगं नाही."

बाई लिहीतच नव्हत्या. त्या डोळे विस्फारून पाखरांकडे बघत होत्या. नवरा पुन्हा पाखरांवर धावला, तशा बाई किंचाळल्या, "अहो, हाकलू नका!"

"का?" साहेब दचकले.

"साहेब, आपली शहरातल्या पक्ष्यांची योजना! पैसे नुसते पडून आहेत. सगळं शहर पालथं घातलं, पाखरं बसतील अशी जागा मिळेना. बागेत लाकडी घरटी टांगली, तर त्यात मधमाश्या राहायला आल्या. वर्षअखेरीला सगळा निधी परत जाणार, आणि वर मला बोलणी बसणार!"

"पण हे फुटबॉलचं मैदान आहे."

"ते पाखरांना कुठे माहितीय?"

साहेब बूट हातात धरून विचारात पडले. त्यांनी मावशीला विचारलं, "ही रोज येतात?"

मावशीनं पायाशी बसलेल्या कबुतराकडे पाहिलं. खोटं बोलायचा तिला आता कंटाळा आला होता. "रोज पीठ टाकलं, तर रोज येतील."

पंधरवड्यात फाटकाशी टेम्पो लागला. त्यातून पक्ष्यांना बसायच्या दोन मोठ्या चौकटी उतरल्या. त्यांना बघून पोरींनी टाळ्या पिटल्या, कारण जुने गोलखांब केव्हाच वाकले होते. घारींपासून संरक्षण देणाऱ्या जाळ्या आल्या, त्या चौकटींना मागून अगदी बरोबर बसल्या. पक्ष्यांच्या आंघोळीसाठी नवा पंपही आला. टेम्पोसोबत कोठारबाबू जातीनं आला होता.

"आणि फक्की?" मावशीनं विचारलं.

"छे छे! पाखरांच्या डोळ्यांत जाईल. त्याऐवजी हे मंजूर झालंय." त्यानं पोती दाखवली. नवऱ्यानं एका पोत्याचं तोंड सोडून चिमूटभर पीठ बोटांवर चोळलं आणि त्याचा चेहरा पडला.

"अगं, हे आमच्या बेकरीतल्यापेक्षा भारी आहे! एखादं पोतं..."

"हात लावाल तर खबरदार. पाखरांच्या तोंडचं आहे ते."

स्पर्धेच्या दिवशी सामना बरोबरीत चालला होता. शेवटी शेवटी लेकीनं मारलेला बॉल गोलरक्षक पोरीच्या हातून निसटून चौकटीत घुसला आणि चिखलात थांबला. एकीकडून "गोल!" तर दुसरीकडून "नाही नाही!" असा गलका उठला. पंच धावत आले, खाली वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. तिथली रेषा सकाळीच कोणीतरी खाल्ली होती.

"मावशी, रेषा कुठेय?"

मावशीनं चौकटीकडे बोट केलं. दोन खांबांच्या मध्ये, उरलंसुरलं पीठ टिपत, कबुतरं एका ओळीत बसली होती. त्यातली मधली दोन तेवढी उठून बाजूला सरकली होती, आणि बॉल त्यांच्या मागे पडला होता.

"ती काय," मावशी म्हणाली. "बसलीय की ओळीनं."

पंचांनी कबुतरांकडे पाहिलं, बॉलकडे पाहिलं आणि जोरात शिट्टी फुंकली. एकही पाखरू जागचं हललं नाही.